थायरॉइड अतिसक्रिय होते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ‘हायपरथायरॉइड’ असा शेरा आला की निदान झाले असे बहुतेकांना वाटते. खरे तर निदान तिथून सुरू होते. तीन-चार निरनिराळ्या आजारांत रक्ताचे आकडे अगदी सारखे येतात, पण त्यांचे उपचार पार वेगळे असतात. एकात ज्या गोळ्या दीड वर्ष घ्याव्या लागतात, त्याच दुसऱ्यात काडीच्या उपयोगाच्या नसतात. म्हणून खालच्या उत्तरांत ‘कशामुळे’ या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो आहोत. डोसचे आकडे समजुतीसाठी दिले आहेत. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

ही ग्रंथी नेमकी काय करते?

मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून ती असते. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. रक्तातले आयोडीन उचलून ती टी४ आणि टी३ हे हार्मोन बनवते. तयार होणाऱ्यात मोठा वाटा टी४ चा असतो, पण पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करतो तो टी३. यकृतात, मूत्रपिंडात आणि इतर अवयवांत टी४ चा टी३ होत राहतो.

शरीराने ऊर्जा किती वेगाने खर्चायची हे हे हार्मोन ठरवतात. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, हाडांची झीज-भर, अंगातली उष्णता, झोप, पाळी, मनःस्थिती या सगळ्यांवर त्यांचा अंमल चालतो. म्हणूनच एवढ्याशा ग्रंथीच्या बिघाडाची लक्षणे डोक्यापासून पायापर्यंत कुठेही दिसू शकतात.

माझा टीएसएच कमी आलाय, मग थायरॉइड जास्त आहे असे डॉक्टर का म्हणतात?

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत बनत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला काम करायला लावतो. रक्तात टी४ आणि टी३ वाढले की पिट्युटरी टीएसएच सोडणे कमी करते, कधी जवळजवळ थांबवतेच. त्यामुळे टीएसएच खाली आणि टी४, टी३ वर ही अतिसक्रिय थायरॉइडची नेहमीची खूण. उलट टीएसएच वाढलेला असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी मंद झालेली असते. बहुतेक प्रयोगशाळा टीएसएचची सामान्य मर्यादा ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रति लिटर या आसपास देतात. तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा तुमच्यासाठी धरायची.

काही जणांत टी४ सामान्य असतो आणि फक्त टी३ वाढलेला असतो. टीएसएच खाली असताना केवळ टी४ बघून ‘काही नाही’ म्हटले तर हा प्रकार हातातून निसटतो. टीएसएच दबलेला दिसला की टी३ सुद्धा तपासून घ्यायला हवा.

हे कशामुळे होते?

सर्वात जास्त आढळणारे कारण ग्रेव्हज आजार. आयर्लंडमधील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. यात प्रतिकारशक्ती चुकीची प्रतिपिंडे बनवते. ती थायरॉइडच्या पेशींवर टीएसएचच्याच जागी जाऊन बसतात आणि ग्रंथीला अखंड कामाला लावतात. पिट्युटरीने टीएसएच बंद केला तरी उपयोग होत नाही, कारण हुकूम आता तिसरीकडूनच येत असतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि सहसा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. घरात कुणाला थायरॉइडचा कुठलाही आजार असेल तर शक्यता वाढते.

दुसरे कारण गाठी. ग्रंथीतली एक किंवा अनेक गाठी टीएसएचला न जुमानता स्वतःहून हार्मोन बनवू लागतात. हे उतारवयात जास्त आढळते आणि हळूहळू वाढत जाते.

तिसरे कारण म्हणजे ग्रंथीला आलेली सूज, थायरॉइडायटिस. इथे ग्रंथी जास्त हार्मोन बनवतच नाही. सुजेमुळे तिच्या पेशी फुटतात आणि आधीच साठलेला हार्मोन रक्तात सांडतो. काही आठवड्यांत साठा संपतो, मग उलट काही काळ थायरॉइड कमी पडतो आणि पुढे बहुतेकांचे आपोआप स्थिरावते. विषाणूसंसर्गानंतर येणाऱ्या प्रकारात मान चांगलीच दुखते, दुखणे कानापर्यंत जाते, ताप असतो आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला असतो. बाळंतपणानंतरच्या प्रकारात मात्र मान दुखत नाही, त्यामुळे तो ओळखायला उशीर होतो.

याशिवाय थायरॉक्सिनची, म्हणजे टी४ ची, गोळी गरजेपेक्षा जास्त घेणे, आयोडीन एकदम मोठ्या प्रमाणात पोटात जाणे, आणि हृदयाची लय सुधारण्यासाठी दिले जाणारे अमिओडॅरोन ही कारणेही आहेत. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. मोठ्या माणसाची रोजची गरज असते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही गोळी त्याच्या सुमारे ५०० पट आयोडीन देते. वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही ‘नैसर्गिक’ गोळ्यांत थायरॉइड हार्मोन मिसळलेला सापडला आहे, तेव्हा असे काही घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

लक्षणे कशी ओळखायची?

नेहमीपेक्षा जास्त खाऊनही वजन उतरते. बाकीचे आरामात बसलेले असताना तुम्हाला उकडते, घाम येतो. तळहात ओलसर आणि गरम लागतात. शौचाला दिवसातून दोन-तीनदा जावे लागते. पाळीत रक्तस्राव कमी होतो किंवा पाळी पुढे जाते. केस गळतात. काहींची नखे टोकाकडून सुटू लागतात.

हातांचा कंप घरी तपासता येतो. हात समोर सरळ धरा, बोटे फाकवा आणि मागच्या बाजूवर एक कोरा कागद ठेवा. बारीक, जलद थरथर नुसत्या डोळ्यांना दिसली नाही तरी कागदाच्या कडेला लगेच दिसते. मात्र कंप चिंतेमुळे आणि काही औषधांमुळेही येतो, तेव्हा एवढ्यावर निदान करू नका.

सगळी लक्षणे एकाच माणसात येतील असे नाही. काही थोड्या लोकांचे वजन तर वाढते, कारण भूक खर्चापेक्षा पुढे जाते. ‘माझे वजन कमी झाले नाही, म्हणजे मला हा आजार नाही’ असे धरून चालू नका.

हृदयावर काय परिणाम होतो?

आम्हाला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते. टी३ मुळे हृदय वेगाने आणि जोराने धडकते, शिवाय त्याला विश्रांती मिळत नाही. धडधड फक्त चालताना नाही, झोपेतसुद्धा चालू राहते. चिंतेमुळे होणारी धडधड गाढ झोपेत सहसा शांत होते, थायरॉइडची होत नाही. हा फरक निदानात उपयोगी पडतो.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण अनियमितपणा असेल तर तो तेवढ्यात कळत नाही. आकडा आणि ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’ असे दोन्ही लिहून ठेवा. सलग काही दिवस ९० ते १०० च्या वर आकडा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

नाडी पूर्ण बेताल लागत असेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकते. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. साठीच्या पुढे हा धोका विशेष. थायरॉइड ताब्यात आल्यावर अनेकांची लय पूर्ववत होते, पण तोपर्यंत रक्त पातळ करणारे औषध लागेल का हे ठरवावे लागते. म्हणून निदान झाल्यावर ईसीजी काढलाच पाहिजे.

जिना चढताना मांड्या भरून येतात. याचा थायरॉइडशी संबंध आहे का?

हो, आणि याबद्दल रुग्ण स्वतःहून क्वचितच बोलतात. जास्त हार्मोनमुळे स्नायूंमधली प्रथिने मोडली जातात, आणि खांदे व मांड्यांचे मोठे स्नायू आधी अशक्त होतात. खाली बसलेल्याला हाताचा टेका न घेता उठता येत नाही, डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढताना हात गळतात. उपचाराने ताकद परत येते, पण तिला काही महिने लागतात. नाडी ताब्यात येईपर्यंत धावणे, जड वजने उचलणे टाळा आणि सपाटीवर चाला.

हाडांचे नुकसान मुकाट्याने होते. हाड झिजण्याचा वेग भरण्याच्या वेगापुढे जातो. पाळी थांबलेल्या बायकांमध्ये हे जास्त गंभीर, कारण त्यांची हाडे आधीच विरळ होत असतात. अशांनी हाडांची घनता तपासून घ्यावी.

चिडचिड, रडू येणे, झोप न लागणे हे मानसिक की थायरॉइडचे?

थायरॉइडमुळे हे सगळे होऊ शकते. घरच्यांना माणूस एकाएकी बदलल्यासारखा वाटतो, आणि तो ‘मुद्दाम करतो’ असा समज होतो. ते मुद्दाम नसते. चिंतेवरचे औषध पहिल्यांदाच सुरू होत असेल तर त्याआधी एकदा टीएसएच करून घ्यावा.

वयस्कर माणसांत वेगळे दिसते का?

पुष्कळ वेगळे. घाम नाही, कंप नाही, उत्साहाचा अतिरेक नाही. उलट माणूस गप्प होतो, भूक मंदावते, वजन उतरते, दम लागतो. कर्करोग किंवा नैराश्य समजून तपासण्या चालू राहतात आणि थायरॉइड कुणाच्या मनात येत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला नव्याने एट्रियल फिब्रिलेशन झाले किंवा कारणाशिवाय वजन उतरू लागले, तर थायरॉइडची तपासणी व्हायलाच हवी.

डोळे बाहेर आल्यासारखे का दिसतात?

दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. हार्मोन वाढला की वरची पापणी थोडी वर ओढली जाते आणि नजर रोखल्यासारखी दिसते. हे कोणत्याही कारणाच्या हायपरथायरॉइडमध्ये होते आणि उपचाराने जाते. डोळ्यांमागचे स्नायू आणि चरबी सुजून बुबुळे पुढे येणे हा मात्र ग्रेव्हजचाच भाग. तो प्रतिकारशक्तीचा वेगळा हल्ला असतो, त्यामुळे रक्ताचे आकडे सुधारले तरी डोळे आपल्या चालीने चालतात. कधी डोळ्यांचा त्रास थायरॉइडच्या आधी सुरू होतो, कधी कित्येक महिन्यांनी.

यात तुमच्या हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट धूम्रपान सोडणे. ते डोळ्यांचा आजार होण्याची आणि बळावण्याची शक्यता तर वाढवतेच, उपचारांचा परिणामही कमी करते. उशी उंच घेऊन झोपल्यास सकाळची सूज कमी होते. कोरडेपणासाठी दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री जेल वापरावे. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर हे टाळू नका, नाहीतर बुबुळाला जखम होते. रंग फिके दिसू लागले, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळ्याची मुख्य नस दाबली जात असल्याची ती खूण असू शकते.

कारण शोधायला कोणत्या तपासण्या लागतात?

रक्तातली टीएसएच रिसेप्टर प्रतिपिंडे, ज्यांना ट्रॅब म्हणतात, ही तपासणी आधी करावी. ती पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हज जवळपास नक्की. अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धच्या दुसऱ्या प्रतिपिंडांची तपासणी वेगळी आहे. ती ग्रेव्हजमध्येही पॉझिटिव्ह येते आणि सुजेच्या प्रकारांतही, म्हणून तिच्या जोरावर ग्रेव्हज ठरवू नये. आम्हाला ही गल्लत फार वेळा दिसते.

ट्रॅब निगेटिव्ह असेल किंवा गाठ हाताला लागत असेल तर टेक्नेशियम किंवा रेडिओआयोडीन या किरणोत्सारी पदार्थांचा स्कॅन करतात. संपूर्ण ग्रंथी सारखी उजळली तर ग्रेव्हज, ठरावीक ठिपकेच उजळले तर गाठी, आणि ग्रंथी जवळजवळ दिसतच नसेल तर सूज किंवा बाहेरून घेतलेला हार्मोन. गर्भवतींमध्ये हा स्कॅन करत नाहीत. आयोडीनयुक्त डाय टोचून नुकताच सीटी स्कॅन झालेला असेल तर कित्येक आठवडे हा स्कॅन भरवशाचा राहत नाही, कारण ग्रंथी आधीच आयोडीनने भरलेली असते. सोनोग्राफीत गाठी आणि रक्तप्रवाह दिसतो, पण ग्रंथी काम किती करते ते ती थेट सांगत नाही.

केसांसाठी बायोटिन घेते आहे. चालेल का?

तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. केस आणि नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते. कित्येक प्रयोगशाळांची यंत्रे तपासणीतच बायोटिन वापरतात, त्यामुळे रक्तातले जास्तीचे बायोटिन निकाल बिघडवते: टीएसएच खोटा कमी, टी४ आणि टी३ खोटे जास्त, कधी ट्रॅबसुद्धा खोटे पॉझिटिव्ह. म्हणजे ठणठणीत माणसाचा रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हजचा दिसतो. केस थायरॉइडमुळेही गळतात, म्हणून हा घोळ नेमका याच रुग्णांत होतो. रिपोर्ट आणि प्रकृती जुळत नसेल तर गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवा.

कार्बिमाझोल कसे काम करते आणि बरे वाटायला किती दिवस लागतात?

कार्बिमाझोल आणि मेथिमाझोल ही एकाच घराण्यातली औषधे. शरीरात कार्बिमाझोलचे मेथिमाझोलच होते आणि १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल सुमारे ६ मिलिग्रॅम मेथिमाझोलच्या बरोबरीचे असते. एका नावाची गोळी बदलून दुसरी घेताना आकडा तसाच ठेवला तर डोस चुकतो.

ही औषधे नवीन हार्मोन बनणे रोखतात. आधी तयार असलेल्या साठ्यावर त्यांचा जोर चालत नाही. नळ बंद केला तरी टाकीतले पाणी संपेपर्यंत वाहतच राहते, तसे. रक्तातल्या टी४ चे अर्धायुष्यच, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ७ दिवस आहे. म्हणून पहिला फरक दोन-तीन आठवड्यांनी जाणवतो आणि आकडे ताळ्यावर यायला सहसा चार ते आठ आठवडे जातात. मधल्या काळात धडधड आणि कंप आवरायला प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर देतात. ते त्याच दिवशी आराम देते. दमा असेल तर हे आधी सांगा, कारण प्रोप्रॅनोलॉलने श्वासनलिका आवळतात.

सुजेच्या प्रकारात नळ आधीच बंद असतो. तिथे कार्बिमाझोल देऊन काही साधत नाही, दुष्परिणामांचा धोका तेवढा पदरात पडतो. निदानावर आमचा एवढा भर आहे तो याचसाठी. प्रकृती फार बिघडलेली असेल तर डॉक्टर तपासणीची वाट न पाहता गोळी सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. पण ट्रॅबसाठी रक्त आधी घेऊन ठेवायला हवे.

गोळ्या चालू असताना ताप किंवा घसादुखी झाली तर?

हे उत्तर घरातल्या प्रत्येकाने वाचावे. हजारात दोन ते पाच रुग्णांत कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा पीटीयू या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी खूप घटतात. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांत होते, पण नंतरही होऊ शकते. पहिली चिन्हे साध्या सर्दीपडशासारखीच: ताप, घसा दुखणे, तोंडात फोड.

असे झाले तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी, सुट्टी असली तरी, सीबीसी आणि डिफरन्शियल काउंट या रक्तपेशी मोजणाऱ्या तपासण्या करून घ्या. आकडे ठीक असतील तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील आणि दोन डोस चुकल्याने काही बिघडत नाही. पेशी घटलेल्या असतील तर रुग्णालयात जावे लागते आणि या गटातली गोळी पुन्हा कधीही घ्यायची नसते. महिनाभरापूर्वीचा सीबीसी चांगला होता यावर विसंबू नका. पेशी दोन-तीन दिवसांतही कोसळतात.

डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, सतत मळमळ ही यकृताची चिन्हे. तेव्हाही गोळी थांबवून लगेच तपासणी करा. नुसती खाज किंवा हलके पुरळ आले तर सहसा अॅलर्जीच्या गोळीने भागते.

तीन महिने झाले, टी४ नॉर्मल आला, पण टीएसएच अजून शून्याजवळ. डोस वाढवायचा का?

नाही. बराच काळ दबून राहिलेली पिट्युटरी जागी व्हायला वेळ घेते, कधी कित्येक महिने. या काळात डोस ठरवायचा तो फ्री टी४ (प्रथिनांना न बांधलेला, मोकळा टी४) आणि टी३ बघून. टीएसएचच्या मागे लागून डोस वाढवला तर ग्रंथी गरजेपेक्षा जास्त दाबली जाते आणि मग थंडी वाजणे, सूज, वजन वाढणे, मरगळ असे उलटे चित्र उभे राहते. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांनाही ते चांगले नाही. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांनी आणि स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी असा क्रम असतो.

बरे वाटतेय, गोळ्या बंद करू का?

बरे वाटणे आणि आजार शांत होणे यांत बरेच अंतर आहे. ग्रेव्हजमध्ये गोळ्या सहसा १२ ते १८ महिने चालतात. त्यानंतर ट्रॅब पुन्हा तपासतात. प्रतिपिंडे नाहीशी झाली असतील तर गोळी थांबवून पाहतात, अजून असतील तर आजार उलटण्याची शक्यता मोठी. एकूण निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो परततो, बहुधा पहिल्या वर्षात. ग्रंथी खूप मोठी असेल किंवा धूम्रपान चालू असेल तर शक्यता आणखी वाढते. कमी डोस वर्षानुवर्षे चालू ठेवणे हाही आता मान्य पर्याय आहे.

गाठींमुळे झालेल्या आजारात मात्र गोळी थांबवली की तो परत येतोच. तिथे कायमचा इलाज रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रिया.

रेडिओआयोडीनची भीती वाटते. ते सुरक्षित आहे का?

किरणोत्सारी आयोडीनचा हा उपचार १९४१ पासून वापरात आहे; आता त्यासाठी आयोडीन-१३१ देतात. कॅप्सूल किंवा द्रव तोंडाने घ्यायचा असतो. थायरॉइड आयोडीन स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे किरणांचा मारा मुख्यतः तिच्याच पेशींवर होतो. याचे अर्धायुष्य ८ दिवस. परिणाम दिसायला सहा आठवडे ते सहा महिने लागतात.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हा उपचार कधीही देत नाहीत, कारण बाळाची थायरॉइड नष्ट होऊ शकते. म्हणून आधी गर्भधारणेची तपासणी करतात. उपचारानंतर बायकांनी किमान सहा महिने आणि पुरुषांनी चार महिने मूल होऊ देण्याचे टाळावे. कार्बिमाझोल काही दिवस आधी थांबवावे लागते. डोळ्यांचा त्रास सक्रिय असेल तर तो या उपचाराने वाढू शकतो. सौम्य असेल तर स्टिरॉइडच्या आडोशाने देतात, तीव्र असेल तर दुसरा मार्ग निवडतात.

घरी गेल्यावर काही दिवस वेगळे झोपायचे, लहान मुले आणि गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवायचे, बसून लघवी करायची, फ्लश दोनदा ओढायचा, भरपूर पाणी प्यायचे. किती दिवस ते डोसवर अवलंबून असते. केंद्राकडून लेखी घ्या.

पुढे बहुतेकांची थायरॉइड कमी पडते आणि थायरॉक्सिनची गोळी कायम घ्यावी लागते. हा उपचाराचा अपेक्षित शेवट आहे. आमच्या मते, चढउतार करणाऱ्या आजारापेक्षा रोजची एक ठरावीक गोळी सांभाळणे कितीतरी सोपे.

शस्त्रक्रिया कधी करतात?

ग्रंथी मोठी होऊन श्वासनळी किंवा अन्ननलिका दाबत असेल, गाठीत कर्करोगाची शंका असेल, डोळ्यांचा आजार तीव्र असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तेव्हा. आधी हार्मोन ताब्यात आणणे अत्यावश्यक. तसेच ऑपरेशनला घेतले तर जीव धोक्यात येतो. ग्रेव्हजमध्ये ऑपरेशनच्या आधी आठवडा-दहा दिवस आयोडीनचे थेंब देतात, त्याने ग्रंथीतला रक्तप्रवाह आणि पर्यायाने रक्तस्राव कमी होतो.

ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातपाय वळले तर ताबडतोब सांगा. थायरॉइडला चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की रक्तातले कॅल्शियम घटते. स्वरयंत्राची नस दुखावली तर आवाज घोगरा होतो. ही ऑपरेशने वारंवार करणारा सर्जन असेल तर दोन्ही धोके बरेच कमी होतात, तेव्हा ‘वर्षाला अशी किती करता?’ हे विचारायला संकोच करू नका.

गर्भारपणात काय काळजी घ्यायची?

पहिल्या तीन महिन्यांत गर्भारपणातल्या एचसीजी हार्मोनमुळे टीएसएच थोडा खाली जाणे नैसर्गिक आहे. उलट्या खूप होत असतील तर टी४ ही वाढतो आणि बहुधा आपोआप उतरतो; त्याला गोळ्या लागत नाहीत.

ग्रेव्हज असेल तर गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांना भेटा. कार्बिमाझोल आणि मेथिमाझोलने पहिल्या तिमाहीत बाळात जन्मजात दोष होऊ शकतात, म्हणून त्या काळात पीटीयू देतात. पीटीयूने क्वचित यकृताला गंभीर इजा होते, त्यामुळे एरवी त्याला पहिली पसंती नसते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात चाचणी करून कळवा. पण स्वतःहून गोळ्या बंद करू नका, कारण ताब्यात नसलेला थायरॉइड गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि आईच्या हृदयावरचा ताण या तिन्हींना कारण ठरतो.

ट्रॅब वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. आईची ग्रंथी पूर्वीच काढलेली असली तरी प्रतिपिंडे रक्तात असू शकतात. म्हणून जुन्या ग्रेव्हजची माहिती प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनाही हवी.

बाळंतपणानंतर वर्षभरात धडधड आणि थकवा आला तर सूज की ग्रेव्हज हे ठरवावे लागते. मेथिमाझोल रोज २० मिलिग्रॅमपर्यंत घेत असतानाही अंगावर पाजता येते. बाळाला पाजून झाल्यावर लगेच गोळी घ्यावी.

आहारात काय टाळायचे?

स्वयंपाकात नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ चालते. टाळायचे ते समुद्रशैवालाच्या गोळ्या आणि आयोडीनचे टॉनिक. चहा-कॉफी धडधड वाढवते, तेव्हा आकडे स्थिरावेपर्यंत कमी करा. प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे घ्या, कारण स्नायू आणि हाडे दोन्ही झिजलेली असतात. कोबी-फ्लॉवर खाऊन हा आजार बरा होत नाही आणि टाळूनही काही फरक पडत नाही.

उपचाराने वजन वाढतेय. गोळीमुळे का?

गोळीत वजन वाढवणारे काही नसते. आजारात गमावलेले वजन परत येते. त्यातच खर्च नेहमीसारखा होतो आणि भूक मात्र काही आठवडे जुन्या सवयीने मोठीच राहते. नाडी सावकाश होऊ लागली की ताटातले प्रमाणही कमी करायला घ्या. वजन झपाट्याने वाढत असेल तर डोस जास्त झाला आहे का, हे रक्त तपासून पाहा.

दुसरी औषधे चालू असतील तर?

थायरॉइड जास्त असताना रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि थायरॉइड ताब्यात येताच तो घटतो, म्हणून आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारी तपासणी) थोड्या थोड्या दिवसांनी तपासत राहावा लागतो. मधुमेह असेल तर साखर आधी वाढलेली असते आणि उपचाराने उतरते; तीच इन्सुलिनची मात्रा चालू ठेवली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डाय टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली तर तिथल्या डॉक्टरांना थायरॉइडबद्दल आधी सांगा.

फक्त टीएसएच कमी आहे, बाकी सगळे नॉर्मल. उपचार हवेत का?

लगेच नाही. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. पुष्कळदा टीएसएच आपोआप सुधारतो. वारंवार ०.१ च्या खाली येत असेल आणि वय ६५ च्या पुढे असेल, किंवा हृदयविकार वा हाडांची विरळता असेल, तर उपचार करणे योग्य. तरुण, लक्षणे नसलेल्या माणसात नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

कोणत्या परिस्थितीत थेट रुग्णालय गाठायचे?

खूप ताप, नाडी १४० च्या आसपास किंवा वर, उलट्या-जुलाब, बरळणे किंवा गुंगी हे एकत्र दिसले तर ते थायरॉइड स्टॉर्म असू शकते. गोळ्या अचानक बंद करणे, मोठा संसर्ग, ऑपरेशन किंवा प्रसूती यांनी ते पेटते. इथे तास महत्त्वाचे असतात आणि अतिदक्षता विभाग लागतो. तापासाठी पॅरासिटामॉल द्या. अॅस्पिरिन देऊ नका, कारण प्रथिनांना बांधलेला हार्मोन त्याने मोकळा होतो.

आणखी एक प्रकार प्रामुख्याने आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांत दिसतो. भरपूर पिठूर किंवा गोड जेवण, किंवा कष्टाच्या व्यायामानंतरची विश्रांती, आणि मग पहाटे जाग येते तेव्हा पाय उचलत नाहीत. रक्तातले पोटॅशियम एकाएकी पेशींच्या आत शिरल्याने हे होते. शुद्ध पूर्ण असते, दुखत नाही, म्हणून ‘थोड्या वेळाने जाईल’ असे म्हणून लोक थांबतात. थांबू नका, कारण घटलेल्या पोटॅशियमने हृदयाची लय बिघडते. रुग्णालयात पोटॅशियम, ईसीजी आणि टीएसएच तिन्ही करायला सांगा. थायरॉइड पूर्ण ताब्यात आल्यावर असे झटके येणे थांबते. तोवर रात्रीचे जेवण हलके ठेवा आणि पोटॅशियमची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.